सासूच्या नावाची पत्रं

"रडकं लिवू नका, गुरुजी," असं म्हणून ती मी लिहीत असलेल्या कार्डावर आडवा हात ठेवायची. शाई तिच्या तळव्याला लागायची, कार्ड खराब व्हायचं आणि मी मनातल्या मनात चरफडायचो.

ही १९७१ सालची गोष्ट. मी माधवनगरचा, गिरणीच्या भोंग्यावर वाढलेला. नांगर कुठल्या बाजूने धरतात हेही मला ठाऊक नव्हतं. बदली झाली ती सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याजवळच्या एका गावात. तिथे घरटी एक माणूस फौजेत. दिवाळीनंतर रजा रद्द झाल्याच्या तारा आल्या आणि दोन दिवसांत तरणे पुरुष निघून गेले. गव्हाची पेरणी तशीच राहिली.

कार्डावर हात ठेवणाऱ्या हिचाही नवरा त्यांच्याबरोबर गेला. घरात ही आणि आजारी सासू. तिसऱ्या दिवशी हिने पदर खोचला आणि बैल जुंपले. बाईने नांगर धरला तर पाऊस पळतो, असं गाव मानायचं. पारावरच्या एका म्हाताऱ्याने हटकलं.

"आवं मामा, पाऊस पळाला तर मी जाऊन आणते. तवर ह्यो कासरा धरा."

म्हातारा निमूट कासरा धरून उभा राहिला. तुम्ही पाहिलं असतं, तर तुम्हीही धरला असता. मग फौजींच्या बायकांनी सावड केली: आज सगळ्या एकीच्या रानात, उद्या दुसरीच्या. पंधरवड्यात पेरण्या उरकल्या.

संध्याकाळी त्या शाळेत पत्रं लिहून घ्यायला यायच्या. कुणी डोळ्याला पदर लावला, की हिचा हात कार्डावर. "तिकडं त्येच्या हातात बंदूक हाय. म्हस व्याली, त्ये लिवा."

लढाईला तोंड फुटलं आणि त्याच आठवड्यात तिची सासू गेली. गाव म्हणालं, पोराला तार करा.

"तार गेली म्हणून त्यास्नी सोडत्यात व्हय? नुसतं झुरत बसतील. करायचं त्ये मी करते."

मडकं तिनेच धरलं, अग्नी तिनेच दिला. पुढच्या पत्राच्या वेळी मला म्हणाली, "आत्याबाईंचा आशीर्वाद लिवा." माझा हात थांबला.

"लिवा, गुरुजी. पाप लागलं तर माजं."

मी लिहिलं.

तिकडून येणारी पत्रं आईच्याच नावाने यायची. बायकोच्या नावाने कुणी टाकलं, तर चारचौघांत चेष्टा व्हायची. त्यामुळे गेलेल्या बाईच्या नावाने पत्रं येत राहिली. 'आई, तब्येतीला जप,' असं दर वेळी असायचं. तिला वाचून दाखवताना तिथे माझा आवाज खाली जायचा. ती मान खाली घालून ऐकून घ्यायची.

लढाई संपली आणि काही दिवसांनी तिचा नवरा रजेवर आला. दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये म्हणून ती एकटीच एस.टी.च्या फाट्यावर गेली आणि आई गेल्याचं तिने तिथेच सांगून टाकलं. तो रस्त्याकडेच्या दगडावर बसला तो बसलाच. रजाभर तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही. जाताना बैलांच्या पाठीवरून हात फिरवला आणि तसाच निघून गेला.

"बराबर हाय त्यांचं," एवढंच ती म्हणाली. मला तिची फार दया आली. तिला ते कळलं असतं, तर तिने मला माझ्याच शाळेतून हाकलून दिलं असतं.

महिन्याभराने पत्र आलं. मी सवयीने पत्ता वाचायला घेतला आणि थबकलो. पत्र तिच्या नावाने होतं. गावाला ती कुणाची सून, कुणाची वहिनी. ते नाव घेऊन तिला हाक मारणारं तिथे कुणी नव्हतं. मी मोठ्याने वाचलं.

"पुन्यांदा वाचा."

मी पुन्हा वाचलं.

"ह्यातलं माजं नाव कंचं?"

मी बोट ठेवून दाखवलं. तिने वाकून बराच वेळ पाहिलं.

"फोडू का?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या जरा," ती म्हणाली, आणि पत्र हातात धरून शाळेच्या पायरीवर बसली. तिला रिकामी बसलेली मी कधीच पाहिली नव्हती. जूनमध्ये माझी बदली सांगलीकडे झाली आणि पुन्हा आमची भेट नाही. मला ती आठवते ती त्या पायरीवर, न फोडलेल्या पत्रावरून अंगठा फिरवत बसलेली.