एका पायावर रंगारी

रंगाऱ्याचं सगळं आयुष्य शिडीवर गेलं, आणि पडला तो घरातल्या स्टुलावरून. बल्ब बदलताना. डावा घोटा मोडला. पुढे प्लास्टर निघालं, हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले, "आता बिनधास्त चाला." चालायचा तो, पण शिडीवर चढू लागला की डावा पाय लटपटायचा आणि छातीत धस्स व्हायचं. मग वरचं काम धाकटा भाऊ करू लागला आणि हा खाली बसून दारं रंगवू लागला. भाऊ न सांगताच शिडी स्वतःकडे ओढून घ्यायचा. तेच त्याला जास्त लागायचं.

शेवटी बायकोनंच त्याला वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये योगवर्गाला ओढत नेलं. तिथे वृक्षासन असायचं: एका पायावर उभं राहायचं, दुसऱ्या पायाचा तळवा मांडीला टेकवायचा आणि हात जोडायचे. उजव्या पायावर त्याला जमायचं. डाव्यावर यायची वेळ आली की तो भिंत धरायचा.

"पायाकडे बघू नका," शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या. "समोर एक जागा धरा, नजर तिथंच ठेवा."

बरेच दिवस काही जमेना. बायको शेजारी खांबासारखी उभी, आणि हा आपला कोंबडीसारखा फडफडतोय. एका सकाळी मात्र समोरच्या भिंतीवर, पार छताजवळ, त्याला रंगाचा पोपडा दिसला. पुट्टी न घासताच कुणीतरी वर रंग फासला होता. त्याच्या डोक्यात तिडीक गेली.

"कुणी केलंय हो हे काम?" तो मोठ्यानं म्हणाला.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "भिंत सोडलीत तुम्ही."

खरंच सोडली होती. दोन्ही हात छातीशी जोडलेले, आणि सगळा भार डाव्या पायावर. हे कळलं आणि तो धपकन खाली बसला. सगळा वर्ग हसला, तोही हसला.

सुट्टीच्या दिवशी बाईंना विचारून तो भावाला आणि शिडी घेऊन हॉलवर गेला.

"मी चढतो ना, दादा."

"तू शिडी धर."

मध्यावर पाय लटपटलाच. तो थांबला, पोपड्यावर नजर ठेवून सावकाश श्वास सोडला, पाय स्थिरावू दिला, मग वर गेला. खाली भावानं शिडी इतकी घट्ट धरली होती की त्याच्या बोटांवर वळ उठले.

फार उंच भिंती अजूनही भावाकडेच असतात. तसं सांगताना रंगारी आता ओशाळत नाही. बायकोनं वर्ग सोडला. "तुमचं जमलं ना, मग माझी झोप कशाला मोडू?" म्हणते. तो मात्र जातो, आणि आल्यावर चहा करून तिला उठवतो.