चहा नको, पाणीही नको

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, बाप्पा. मधेच हसलात तर मी कप ठेवून उठून जाईन, आधीच सांगून ठेवतो. माझी जी फजिती झाली ती अजून ताजी आहे. गल्लीतून जाताना मी अजूनही खाली मान घालूनच जातो.

तुम्हाला माझं कृषी केंद्र माहीतच आहे. दिवसभर गल्ल्यावर बसायचं, खताच्या बॅगा दुसऱ्यांनी उचलायच्या, आणि जो शेतकरी येईल त्याच्यासोबत चहा घ्यायचा. नाही घेतला तर त्याला वाटतं, भाऊचं काही बिनसलं आपल्यावर. असा चहा पिऊन पिऊन माझं जे व्हायचं ते झालं. वजन वाढलं, मागोमाग शुगर निघाली.

डॉक्टर म्हणाले, "वामनराव, सायकल चालवा. दिवाळीनंतर याल तेव्हा वजन उतरलेलं पाहिजे. नाही उतरलं तर सुई सुरू. रोज, पोटात."

पोटात! अहो, गुरांचा डॉक्टर बैलाला सुई टोचतो तेव्हा मी तोंड फिरवून घेतो. आणि हे रोज? स्वतःच्या हातानं?

त्याच आठवड्यात गिअरची सायकल घेतली. पोळा गेला, दसरा गेला, दिवाळी गेली, मी पायडल मारतोच आहे. तूर फुलली, कापूस फुटला, माझी पॅन्ट मात्र जिथं होती तिथंच. घरच्या काट्यावर चढायची हिंमत होत नव्हती. पण मला सांगा, एका तरी माणसानं म्हणावं की नाही, "भाऊ, बारीक झाले"? शेजारच्या देवरावनं नाही, गिऱ्हाईकानं नाही, वंदनानं नाही. वंदना म्हणजे आमची मिसेस. मी एकदा तिच्यापुढं आडवा-उभा फिरून दाखवलं. तर म्हणते, "काही हरवलं काय जी तुमचं?"

शेवटी तो दिवस आला. दहा वाजता डॉक्टरांकडे काट्यावर चढायचं होतं. मी ठरवलं, तोवर तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही. पाणीसुद्धा नाही. पाण्यालाही वजन असतंच ना? आणि जाण्याआधी एक शेवटची लांब फेरी मारायची, जो काही घाम निघेल तो निघू द्यायचा.

पहाटेच उठलो. माझी आई वर्षभरापासून आजारी आहे, रात्रभर खोकते. तिला नुकती झोप लागली होती. बूट हातात घेऊन दबक्या पायानं निघालो. वंदनाला उठवलं नाही. फोन चार्जिंगला लावलेला, तो तिथंच राहिला.

आणि गेलो कुठं? सासुरवाडीला. गावाचं नाव नाही सांगत, मला पुन्हा तिथं तोंड दाखवायचं आहे.

सासुरवाडीलाच का, तर त्या लोकांनी मला उन्हाळ्यापासून पाहिलं नव्हतं. रोज पाहणाऱ्याला फरक कळत नाही, पण सासूला कळेल. आम्ही सासूला मामी म्हणतो. मामीचा माझ्यावर जीव. ती नक्की म्हणेल, "जवाईबुवा, किती वाळले!" काट्यावर चढायच्या आधी एवढं एक वाक्य कानावर पडावं, एवढीच माझी इच्छा. फार मागितलं काय मी?

थंडी अशी होती की काही विचारू नका. सारा वारा समोरून. डोळ्यांतून घळाघळा पाणी, नाक वाहतंय, आणि छातीचा भाता सुरू. सासऱ्यांच्या फाटकाशी पोहोचलो तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता. मामी अंगणात सडा टाकत होती.

"माय वं! जवाईबुवा? सायकलीवर? एकटेच?"

मी मान हलवली. जरा आडवा उभा राहिलो, पोट कमी झालेलं दिसावं म्हणून.

"या ना, आत या."

"नाही मामी," मी कसाबसा म्हणालो, "आत नाही येत."

आत गेलो की पोहे आलेच! मग कसलं वजन अन् कसलं काय.

"बरं, चहा ठेवतो."

"चहा नको."

"पाणी तरी घ्या."

"पाणीबी नको. दहाले तिथं पोचाचं हाय."

मामीच्या हातातली बादली खाली पडली. शेणकाला माझ्या बुटांवर आला. ती माझ्याकडे पाहतच राहिली, आणि मला वाटलं, आता म्हणते. आता म्हणते वाळले!

"कसं तोंड उतरून गेलं माह्या जवायाचं," म्हणाली आणि पदर तोंडाला लावून ओट्यावर बसली.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मी मनात म्हटलं, बाई किती मायाळू, जावई बारीक झाला तर रडते.

आता तुमच्यातल्या जुन्या माणसांच्या ध्यानात आलंच असेल. माझ्या आलं नाही. आपल्याकडे फोन नव्हते तेव्हा मातीचा, म्हणजे कुणी गेल्याचा, निरोप कसा यायचा? पहाटे एक माणूस सायकलीवर यायचा. फाटकाबाहेर उभा राहायचा. आत यायचा नाही, चहा नाही, पाण्याचा घोट नाही. निरोप दिला की आल्या पावली परत. लहानपणी आमच्या दारात असा माणूस उभा राहिला की आई आधी चूल विझवायची आणि मग विचारायची, कोण गेलं. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं! पण वजनाच्या नादात माणसाची अक्कल पार जाते. निरोप्यासारखाच उभा होतो मी, फक्त निरोप तेवढा नव्हता.

माझं "दहाले" मामीला मातीची वेळ वाटली, आणि निरोप विचारायचीही तिला गरज वाटली नाही. माझी आई आजारी आहे, हे सगळ्यांना ठाऊकच होतं.

माझा साळा गजू बाहेर आला. दोघांचं काहीतरी हळू आवाजात बोलणं झालं. गजूनं वंदनाला फोन लावला. उचलला नाही.

"कशी उचलंन," मामी म्हणाली, "तिच्यामांगं काय कमी धावपळ असंन आज."

गजू माझ्याजवळ आला, खांद्यावर हात ठेवला. "भाऊजी, दहाले म्हणता ना? मंग सायकलीनं कायले जाता? काळीपिवळी सांगतो. आम्ही बी येतोच."

"तुम्ही कायले?" मी दचकलो. डॉक्टरांकडे वजन करायचंय हे मी सासुरवाडीत सांगणार होतो काय? जावई म्हणजे काय कापसाचं गाठोडं आहे, सगळ्यांसमोर काट्यावर ठेवायला? "तुम्ही नका येऊ. मी सायकलीनंच जातो. माहा घाम निघाला पायजे."

गजूनं मामीकडे पाहिलं. मामीनं कपाळावर हात मारला. "डोक्यावर परिणाम झाला वं बाई यांच्या. धरून बसवा गाडीत."

पाहता पाहता गावातली काळीपिवळी जीप दारात आली. माझी सायकल टपावर बांधली. मला ड्रायव्हरच्या बाजूला कोंबलं. मागं मामी, गजू आणि गल्लीतल्या जेवढ्या बाया मावल्या तेवढ्या. मी म्हटलं, चला, या लोकांना आमच्या दारव्ह्याच्या बाजारात यायचं असेल. आज बाजार नव्हता, हेही मला सुचलं नाही.

गाडी निघाली आणि मागून हुंदके सुरू झाले. मी ड्रायव्हरला हळूच विचारलं, "काय झालं गा यायले?"

त्यानं माझ्याकडे फार दयेनं पाहिलं. "तुमच्या आईचं आयकलं, भाऊ. वाईट झालं. पन सुटली बिचारी."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. आई? मी तर आत्ताच तिला झोपलेली पाहून आलो! म्हणजे मी निघालो आणि मागं हे झालं? गजूला फोन आला असणार, आणि मला कुणी सांगितलं नाही? मी पोट कमी करायला बोंबलत फिरतोय आणि तिकडे माझी आई पाण्याविना गेली.

मी मागं वळून ओरडलो, "मामी! मले काऊन नाही सांगितलं वो!"

"पाय वं बाई, कसे बरळून राह्यले," मामी म्हणाली, आणि सगळ्या बायांनी एकदम गळा काढला. मग मीही काढला. लाज कसली? आई गेली होती माझी.

फाट्यावर मामीची बहीण वाट पाहत उभी होती. म्हाताऱ्या बाईला पुढची सीट द्यावी म्हणून मी उतरलो. उपाशी पोट, त्यात रडणं, उभा राहिलो तर चक्करच आली. बाभळीआड जाऊन उलटी केली. तेवढ्यात पुढच्यांना वाटलं मी मागं बसलो, मागच्यांना वाटलं मी पुढं बसलो. कुणीतरी पत्र्यावर हात मारला आणि काळीपिवळी गेली! माझी सायकल टपावर, आणि मी बाभळीखाली.

पुढं घरी काय झालं ते मला वंदनानं नंतर सांगितलं. कसं सांगितलं ते विचारू नका.

माझी आई ओट्यावर उन्हात बसून चहा पीत होती. ठणठणीत! रात्रीचा खोकलासुद्धा थांबला होता. गाडी दारात येऊन उभी राहिली, आतून रडत बाया उतरल्या आणि आईला पाहून भूत पाहिल्यासारख्या थिजल्या. आईनं पाहिलं टपावर. सायकल पोराची, पण पोरगा कुठंच नाही. पहाटेपासून घरात नाही, फोन घरात. झालं! आईनं चहाचा कप फेकला आणि जो हंबरडा फोडला, तो पार चौकापर्यंत ऐकू गेला.

गजू ओरडून सांगत होता, "भाऊजी व्हते जी गाडीत! आत्ता व्हते!" पण कोण ऐकतो? आणि "आत्ता होते" हे तर अशा वेळी सगळेच म्हणतात.

इकडे मला बाजार समितीत चाललेला कापसाचा ट्रॅक्टर भेटला. कापसावर चढून बसलो. तो बाप्पा असा हळू चालला की मी वर बसून आईच्या नावानं सगळं रडून घेतलं. आमच्या चौकात उतरलो तेव्हा गल्ली माणसांनी भरलेली. कडुनिंबाखाली देवराव आणि चारपाच जण पाठमोरे उभे, बांबूची भाषा सुरू. पुढं जायची माझी छाती होईना. तिथंच मागं थांबलो, गळ्यातल्या दुपट्ट्यात तोंड लपवून.

"चौघायनं नाही जमत," देवराव म्हणत होता.

"सहा धरा. अन् बदलीचे वेगळे."

माझ्या मनात आलं, आईला सहा? ती तर मूठभर हाडं. दोघं पुरतील.

"सायकल चालवे ना थो, दिवाळीच्या आंधीपासून?"

"चालवे, पन फरक काय पडला? जसाच्या तसा. मी रोज पायतो ना."

"नाल्यावरच्या मसनापर्यंत खांदे टिकत नाही, भाऊ. तो पाय चौकात ट्रॅक्टर, त्यालेच सांगा."

मी उभ्या उभ्या गार पडलो. आमच्या घरात सायकल चालवतं कोण? सहा खांदे लागतील असं आहे कोण?

तेवढ्यात घरातून आवाज आला. "वामन्या रे! माह्या वामन्या!"

आईचा आवाज! जिवंत आईचा! अहो, जे झालं ते झालं, पण त्या क्षणाला मला जेवढा आनंद झाला तेवढा लग्नातही झाला नव्हता. मी गर्दी फाडत ओरडलो, "अबे सरका! मी हावो ना जित्ता!"

देवराव टाणकन उडाला. मला नखशिखांत पाहिलं, हात लावून पाहिलं, एकदा पाठीमागूनही पाहिलं. मला वाटलं, आता मिठी मारतो.

"नाही," तो बाकीच्यांकडे वळून म्हणाला, "सहाच लागले असते."

आत गेलो. आईनं छातीशी धरलं, म्हणाली, "किती वाळलं रे माहं लेकरू!" ज्या वाक्यासाठी सकाळपासून मेलो ते शेवटी ऐकायला मिळालं, तेही कुणाकडून, तर आईकडून! आईला मी कधी जाड दिसलो? वंदना रडली, मग तिनं मला जे झापलं ते आख्ख्या काळीपिवळीनं उभं राहून ऐकलं. मग एवढ्या पाहुण्यांना तसंच कसं पाठवणार? पोहे झाले, शिरा झाला. मामीनं स्वतःच्या हातानं माझ्या तोंडात शिऱ्याचा घास घातला. नाही म्हणायची माझी टाप होती काय? सकाळी एकदा नाही म्हणून पाहिलं होतं.

दहाची वेळ गेली ती गेलीच. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो, मुकाट्यानं खुर्चीत बसलो. डॉक्टर म्हणाले, "या वामनराव. चढा काट्यावर."

मी म्हणालो, "काटा राहू द्या साहेब. वजन कालच झालं माझं, गल्लीत. सहा माणसं, नाही तर ट्रॅक्टर. तुम्ही सुई लिहा."