भाऊसाहेबांनी फोडलेला नारळ

भाऊसाहेब फणसे यांची आणि माझी ओळख झाली त्या दिवशी आम्ही एकमेकांशी एक शब्दही बोललो नव्हतो. स्वातंत्र्य नुकतेच मिळाले होते आणि मी राजापूरकडून येऊन डोंबिवलीच्या शाळेत गणिताचा मास्तर म्हणून रुजू झालो होतो. रविवारी शाळेच्या पटांगणात आपल्या भागाच्या आमदारांची सभा आहे असे कळले, म्हणून मागे जाऊन उभा राहिलो. पाटबंधाऱ्यांवरची तरतूद समजावून सांगता सांगता व्यासपीठावरचे गृहस्थ थांबले आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, "ते मागे उभे आहेत ना, ते आपले नवे गणिताचे मास्तर. अविवाहित आहेत. हाताने स्वयंपाक करतात आणि भात करपवतात. कोणीतरी लक्ष घाला." एवढे बोलून ते पुन्हा पाटबंधाऱ्यांकडे वळले.

संध्याकाळी माझ्या चाळीच्या जिन्यात एक दूधवाला, एक खानावळवाल्या काकू आणि उपवर मुलींचे काही वडील एकमेकांना वाट देत उभे होते. त्यांपैकी एका वडिलांचा मी आज जावई आहे. माझ्या करपलेल्या भाताची खबर भाऊसाहेबांना कोणी दिली, ते मला अजून कळलेले नाही.

आज भाऊसाहेबांची एकसष्टी साजरी होत असताना त्यांच्या या सभेविषयी लिहिण्याची आज्ञा गौरव समितीने मला केली आहे. नव्या पिढीसाठी सांगतो. भाऊसाहेब मूळचे कल्याणचे वकील. आधी प्रांताच्या असेंब्लीत होते, पुढे पहिल्या निवडणुकीत विधानसभेवर निवडून आले. अंदाजपत्रकाचे अधिवेशन संपले की पहिल्या रविवारी ते आमच्या पटांगणात येत आणि सरकारने आपल्या भागाला काय दिले, काय दिले नाही आणि काय देण्याचे नुसते मनात आणले, याचा हिशेब लोकांना देत. दिले नाही ते आधी सांगत. "वाईट बातमी ताज्या माणसांना सांगावी, दमलेल्यांना नाही," असे ते म्हणत.

पण नुसते अंदाजपत्रक ऐकायला माणसे बसत नाहीत, हा अनुभव त्यांना वकिलीत आलेला होता. म्हणून एक खाते झाले की एक गावची बातमी, असा त्यांनी परिपाठ ठेवला होता. आरोग्यखाते झाले की ठाकुर्लीच्या कुलकर्ण्यांकडे मुलगा झाल्याचे येई, शिक्षणखात्यानंतर मॅट्रिकला कोण बसले ते येई. जंगलखाते फारच कंटाळवाणे असल्यामुळे त्याच्या पाठोपाठ ते हमखास एखादे लग्न ठेवत. खाते लांबले तर शाळेची घंटा वाजवायचे काम माझ्याकडे होते. मी घंटा वाजवी, भाऊसाहेब मान डोलावीत आणि तेच खाते पुढे चालू ठेवीत.

त्यांच्या सचोटीच्या गोष्टी इतर लेखांत येतीलच. मी आंब्यांची तेवढी सांगतो. एका ठेकेदाराने त्यांच्या घरी हापूसची पेटी पाठवली. भाऊसाहेबांनी ती उचलून थेट सभेत आणली, पाठवणाऱ्याचे नाव जाहीर करून त्याचे आभार मानले आणि बायकामुलांत आंबे वाटून टाकले. खालच्या थरातले सडके निघाले, तेही त्यांनी बांधकामखाते सांगताना जाहीर केले. त्यानंतर त्यांच्या घरी कोणी पेटी पाठवली नाही. वहिनीसाहेबांना याचे थोडे वाईट वाटले असावे, कारण त्या वर्षी आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "सडके जाहीर केलेत ते ठीक, पण चांगल्यातला एक तरी घरी आणायचा होता."

माझी पत्नी टायफॉईडने अंथरुणाला खिळली होती तेव्हा भाऊसाहेब कल्याणहून रोज संध्याकाळी येत, उशाशी बसत आणि तिला आरोग्यखात्याची कलमे समजावून सांगत. तिला त्या तापात दुसऱ्या कशानेही झोप येत नव्हती. डॉक्टरांनीच पुढे त्यांना विचारले, "आज येणार ना?" ती बरी झाली. हे ऋण मी विनोदाने सांगतो आहे, कारण गंभीरपणे सांगू लागलो तर मला पुढे लिहिता येणार नाही.

आता साकवाची गोष्ट.

डोंबिवलीहून शीळफाट्याकडे जाताना वाटेत खाजणपाडा लागतो. आगरी वस्ती, भातशेती आणि थोडी मिठागरे. गाव आणि आमची शाळा यांच्यामध्ये एक नाला आहे. उन्हाळ्यात त्यातून चप्पल न काढता जाता येते, पण पावसाळ्यात तो छातीइतका भरतो. त्यामुळे खाजणपाड्याची मुले आषाढात शाळेतून जात, ती दसऱ्याला परत येत. तोवर अपूर्णांक मागे पडलेले असत आणि दिवाळीपर्यंत मुलेही शाळा सोडून देत. वर्गातली हुशार मुले अशी एकेक गळताना पाहणे मास्तराला फार जड जाते. नाल्यावर एक साकव, म्हणजे माणसांपुरता लहानसा पूल व्हावा, यासाठी भाऊसाहेब सरकारदरबारी वर्षानुवर्षे खेटे घालत होते.

दुसऱ्या निवडणुकीच्या आदल्या वर्षीची सभा. सरकारी कामाचे टप्पे लोकांना कळावेत म्हणून भाऊसाहेबांनी नेहमीप्रमाणे घरगुती उदाहरण घेतले. "काम विचाराधीन म्हणजे मुलगी बघून गेले. मंजूर म्हणजे साखरपुडा. पैसे आले म्हणजे लग्न. आता आपल्या खाजणपाड्याच्या साकवाचे म्हणाल, तर इंजिनीयर येऊन बघून गेले. पसंत आहे म्हणाले." मी घंटा वाजवली. ते पुढच्या खात्याकडे वळले.

आता आम्हा पांढरपेशांच्या घरात पसंतीला काय किंमत असते ते सांगायला नको. पसंत आहे म्हणून गेलेली माणसे पत्रिकेचे निमित्त करून वर्षभर तोंड दाखवत नाहीत. खाजणपाड्यात तसे नाही. तिथे पसंत म्हटले की नारळ फुटतो, साखर वाटली जाते, आणि मग कोणाची माघार घेण्याची छाती होत नाही.

पुढच्या रविवारी खाजणपाड्याची माणसे वाजंत्री घेऊन भाऊसाहेबांना न्यायला आली. कार्य आहे, नारळ तुमच्या हातून फुटायचा आहे, असे त्यांनी सांगितले. भाऊसाहेबांना लग्नकार्याला बोलावणे आले की ते कोणाचे, हे विचारण्याचा संयम कधीच नव्हता. मलाही त्यांनी बरोबर घेतले. नाल्याच्या काठी मांडव, तोरण, हळदीकुंकू लावलेला धोंडा, सगळे सजलेले. पोलीस पाटलांच्या मातोश्री जनाबाईंनी नारळ हातात दिला, भाऊसाहेबांनी तो एका फटक्यात फोडला, आणि खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून विचारले, "नवरा मुलगा कुठाय?"

"नवरा कंचा?" जनाबाई म्हणाल्या. "साकवाचा नारल हाय. तुमीच सांगलाव नं, पसंत हाय म्हनून?"

भाऊसाहेबांचे तोंड चालायचे थांबले. बरोबर आलेला त्यांच्या पक्षाचा एक कार्यकर्ता त्यांच्या कानाशी लागून म्हणाला, "साहेब, गप्प राहा. इलेक्शन होईस्तोवर जाऊ द्या ना असंच." मी शेजारीच होतो, म्हणून ऐकले. सगळा गाव आनंदाने त्यांच्याकडे बघत होता. त्या क्षणी ते गप्प राहिले असते तर त्यांना कोणी दोष दिला नसता.

भाऊसाहेबांनी टोपी काढली. "मंडळी," ते म्हणाले, "साकव मंजूर नाही. यंदा नाही, पुढच्या वर्षीही खात्री नाही. मी उदाहरण चुकीचं दिलं. नारळ माझ्या हातून फुटला, त्याचा दोष माझ्या पदरात घाला."

वाजंत्रीवाल्यांनी वाद्ये खाली ठेवली. मग जनाबाई पुढे झाल्या. "भाऊसाहेब, नारल तं फुटला. आता देवाला काय सांगाचा, चुकून फोरला म्हनून? सरकारची पसंती सरकारकडं. आमची पसंती हाय. साकव आमीच बांधू."

आणि त्यांनी तो बांधला. टेकडीवरून दगड आणला, एका निवृत्त ओव्हरसियरने आखणी करून दिली, सिमेंटच्या परमिटासाठी भाऊसाहेब ठाण्याला खेपा घालत राहिले. सुट्टीच्या दिवशी ते स्वतः धोतराचा काचा मारून घमेली उचलायला येत. परंतु प्रत्येक घमेल्यागणिक थांबून ते बांधकामखात्याची रचना समजावून सांगत, त्यामुळे काम खोळंबू लागले. शेवटी गावाने त्यांना मानाने आंब्याच्या झाडाखाली बसवले. मृगाच्या आत साकव उभा राहिला. त्या वर्षी आषाढात खाजणपाड्याची मुले ओल्या डोक्यांनी माझ्या वर्गात येऊन बसली, तेव्हा मला फळ्याकडे तोंड करून उभे राहावे लागले.

एवढ्या चांगल्या गोष्टीचा शेवट निवडणुकीत व्हावा, हे दुर्दैव. आसपासची गावे चिडली. खाजणपाड्याला साकव आणि आम्हाला काय? भाऊसाहेब गावोगाव जाऊन शपथेवर सांगत, की सरकारने खाजणपाड्याला काहीही दिलेले नाही. "आमाला येरा समजता का?" लोक म्हणत. "साकव डोल्यांनी दिसतोय." आयुष्यभर खरे बोललेल्या माणसावर, सर्वांत खरे बोलला तेव्हाच, कोणी विश्वास ठेवला नाही. त्या वर्षी वारेही उलटे होते. भाऊसाहेब पडले.

आम्हाला वाटले, आता सभा संपली. पण अधिवेशन झाले त्या रविवारी ते वर्तमानपत्रांची चवड काखेत मारून पटांगणात हजर झाले आणि म्हणाले, "वाईट बातमी आधी सांगतो. मी पडलो. आता जंगलखाते." पुढच्या रांगेत नवे आमदार बसले होते. आपण मत दिलेल्या अंदाजपत्रकात काय आहे ते ऐकायला आलो, असे त्यांनी मनमोकळेपणाने कबूल केले. सभा संपल्यावर भाऊसाहेब जनाबाईंना म्हणाले, "आता मी कोणी नाही हो. पुढच्या वर्षी यांची सभा ठेवा."

जनाबाई म्हणाल्या, "आमदारकी कोनाला पन करूं द्या. आमचा सांगनारा बदलाचा नाय."

त्या उत्तरावर भाऊसाहेबांनी काखेतली वर्तमानपत्रे पुन्हा खाली ठेवली आणि राहून गेलेले एक खाते सांगायला घेतले.

गौरव समारंभ ठाण्याच्या सभागृहात व्हावा असा समितीचा विचार होता. खाजणपाड्याने तो मोडून काढला. समारंभ त्यांच्याकडे आहे आणि सर्वांनी साकवावरून पायी यायचे आहे. सत्काराला उत्तर देताना अंदाजपत्रकाचा विषय काढणार नाही, असे वचन भाऊसाहेबांकडून घेण्याचा समितीने प्रयत्न केला. त्यांनी ते दिलेले नाही. परमेश्वराने त्यांना शंभर वर्षांचे निरोगी आयुष्य द्यावे, आवाज असाच खणखणीत ठेवावा, आणि आपल्या वाट्याला काय आले नाही हे त्यांच्या तोंडून ऐकायला आम्हालाही तेवढेच आयुष्य द्यावे.