गंगरेलच्या वाटेवरचे थांबे

माझे बाबा प्रवासात गाडी थांबवत नाहीत. रायपूरहून नागपूरला जायचं असलं तरी घरूनच पाणी पिऊन, सगळं आटोपून निघायचं, रस्त्यात कोणी काही मागायचं नाही, असा आमच्याकडचा नियम. त्यामुळे दसरा होऊन गेल्यावरच्या एका रविवारी गंगरेल धरण पाहायला जाताना धमतरीच्या रस्त्यावर त्यांनी एका तळ्याशी आपणहून गाडी बाजूला घेतली आणि म्हणाले, "उतरा, कमळं पाहू," तेव्हा मला पहिला संशय आला.

नवीन राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. शहरात अजून जुन्या राज्याच्या पाट्या पुसून नव्या लिहिणं चाललं होतं. रोज एखादं नवं ऑफिस उघडायचं, आणि अशाच एका ऑफिसात मला नुकतीच नोकरी लागली होती. कॉन्व्हेंटात शिकलेली म्हणून इंग्रजी पत्रं माझ्याकडे यायची. बोलायचं फारसं काम नव्हतं, ते मला बरं होतं.

संशयाला कारण होतं. त्याच वर्षी उन्हाळ्यात आईने मला एका देवळात नेलं होतं, आणि तिथे तिच्या ओळखीचं एक कुटुंब 'सहज' भेटलं होतं. मी प्रसाद घेऊन गप्प बसून राहिले. दोन दिवसांनी निरोप आला की मुलगी चांगली आहे, पण बोलत नाही. मला दाखवलं गेलं हे मला त्या निरोपावरून कळलं. आमच्या चौबे कॉलोनीत असं बाहेर भेटवायची पद्धतच पडली होती. घरी पाहुणे बोलावले, पोहे केले की समोरच्या गेटवर माणसं उभी राहतात, आणि नकार आला की तो सगळ्या गल्लीला कळतो. त्यापेक्षा देऊळ बरं, बाग बरी. जमलं नाही तर कोणी कोणाला नाही म्हटलेलंच नसतं. आपण तर फिरायला गेलो होतो.

त्या निरोपानंतर मी दोन दिवस जेवले नाही. बाबांनी शेवटी माझ्या खोलीच्या दारात उभं राहून शब्द दिला होता, "यापुढे तुले विचारल्याशिवाय कोणाले भेटवणार नाही." बाबांचा शब्द ही आमच्या घरातली एकच गोष्ट होती जिच्यावर मी संशय घेत नव्हते. आणि आता ते कमळं पाहत होते.

म्हणजे पाहत नव्हते. तळं सुंदर होतं. पाण्यावर गुलाबी कमळं, काठाला पांढरा कास फुललेला, पलीकडे पिकायला आलेलं धान, आणि त्याच्या पलीकडून छोट्या लाइनची, म्हणजे नॅरोगेजची, गाडी इतकी हळू चाललेली की दारात बसलेल्या माणसाने आम्हाला हात केला. आईने आणि आत्यानेही त्याला हात केला. बाबा घड्याळ पाहत होते.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. लग्नानंतर तीन वर्षांतच तिचे यजमान गेले, तेव्हापासून ती आमच्याकडे होती. पोस्टात नोकरी करायची, माझ्या खोलीत झोपायची, आणि घरात मी ज्या एका माणसाशी मराठीत बोलायचे ती तीच. बाकी सगळ्यांना मी हिंदीत उत्तरं द्यायचे.

"दादा, तुले काय झालं आज?" ती म्हणाली. "एवढा थांबून राहिला. गाडीत बिघाड आहे का?"

"काही नाही. हवा चांगली आहे."

"हवा तर मागच्या वर्षीही चांगली होती. तेव्हा मी कुरुदपर्यंत पाण्यासाठी बोंबलून राहिली होती."

पुढचा थांबा रुद्रीचा. महानदीचं पाणी अडवलंय तिथे, आणि वाळूवर कासाचं रान होतं. त्यानंतर रस्त्याकडेला टोपल्या घेऊन बसलेल्या बायांकडे सीताफळं घ्यायला थांबलो. आईने एकेक फळ दाबून पाहिलं, आणि बाबा, ज्यांना भाव करताना थांबणं म्हणजे शिक्षा वाटते, ते म्हणाले, "आरामात पाहा, घाई नाही." मग ते मोबाइल घेऊन गाडीच्या मागे गेले. मोबाइल तेव्हा घरात एकच होता आणि त्यावर बाबा ओरडून बोलायचे. त्या दिवशी ते हळू बोलले. मला एवढंच ऐकू आलं, "नाही, नाही, अजून रस्त्यातच आहो. तुम्ही या आरामात."

गाडीत परत बसण्याआधी मी डिकीत पाहिलं. चांगला थर्मास होता. घरचे काचेचे कप वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले होते. चिवडा आम्ही चौघं आठवडाभर खाऊ एवढा. मी माझा दुपट्टा काढून पिशवीत कोंबला, केस घट्ट बांधले, आणि ठरवलं की जो कोणी येईल त्याच्याशी एक शब्द बोलायचा नाही. त्यांनी परत तोच निरोप पाठवावा.

गंगरेलला धरणावर सगळी गर्दी. बाबा तिकडे वळलेच नाहीत. अलीकडे एका जुन्या विश्रामगृहाची बाग होती, तिथे त्यांनी गाडी लावली. एवढी शांत बाग मी रायपूरजवळ पाहिली नव्हती. आवळ्याची झाडं, शेवंतीचे वाफे, कळ्या नुकत्या फुटायला लागलेल्या, आणि खाली झाडांमधून धरणाचं पाणी चमकायचं. नळाखाली एक बादली भरून वाहत होती, तेवढाच काय तो आवाज. दुसऱ्या कोणत्याही दिवशी मी तिथे संध्याकाळपर्यंत बसले असते. त्या दिवशी मी फाटकाकडे तोंड करून बसले.

ते आले. भिलाईचं कुटुंब. केस पिकलेल्या एक बाई, त्यांचा भाऊ, आणि बाईंचा मुलगा, माझ्याच वयाचा, कडक इस्त्रीच्या शर्टात.

"अरे बाप्पा, तुम्ही इकडे कसे?" बाबा म्हणाले. इतकं वाईट नाटक मी शाळेच्या गॅदरिंगमध्येही पाहिलं नव्हतं.

"सहज आलो जी, फिरायले," बाई म्हणाल्या.

आईने कप काढले. सगळे सतरंजीवर बसले. तो मुलगा माझ्यापासून थोडा दूर बसला आणि गवताच्या काड्या तोडायला लागला. मी शेवंतीकडे पाहत राहिले. माझं ठरलं होतं.

पण मला कोणी काही विचारलंच नाही. बाई आत्याकडे वळून म्हणाल्या, "पोस्टातली नोकरी म्हणजे चांगली. बदली होते का?" आत्या पोस्टात आहे हे आमच्यापैकी कोणीच अजून बोललं नव्हतं. मी त्यांच्या भावाकडे पाहिलं. पन्नाशीच्या अलीकडचा माणूस. कानाजवळ केसांच्या रंगाचा डाग राहून गेला होता. बूट नवे होते, ते त्याला चावत होते, आणि तो सतरंजीच्या कडेशी पाय लपवून बसला होता.

त्या मुलाने तेवढ्यात माझ्याकडे झुकून हळूच म्हटलं, "दीदी, मामाजी सुबह से शर्ट ही बदल रहे हैं. ये मेरा पहन के आए हैं."

मी त्याच्याशी एक शब्दही न बोलायचं ठरवलं होतं, ते विसरून विचारलं, "आत्या को मालूम है?"

"आपको नहीं मालूम?" तो म्हणाला.

बाबांनी शब्द मोडला नव्हता. तो त्यांनी मला दिला होता, आत्याला नव्हता. आत्या हसत हसत बाईंना सांगत होती की बदली होत नाही, आणि होऊ नये म्हणून ती साहेबाला दिवाळीचा चिवडा देते. तिला काही कळलेलं नव्हतं. मला उन्हाळ्यातलं देऊळ आठवलं, हातातला प्रसाद आठवला.

मी उठले. "आत्या, हात धुवायचे आहेत, चल ना," असं म्हणाले. आई माझ्याकडे पाहत राहिली, कारण मी पाहुण्यांसमोर मराठीत बोलले होते.

नळाशी मी तिला सांगितलं, "हे लोक तुझ्यासाठी आले आहेत."

"कोण लोक?"

"ते बूटवाले."

तिने मागे वळून पाहिलं नाही. हात धुतले, परत धुतले. मग म्हणाली, "म्हणून कमळं." आणि नळ बंद करत, "दादाने मले दोनदा विचारलं होतं. मी म्हटलं होतं, विषय बंद. तर तिसऱ्यांदा न विचारता बागेत आणून बसवलं."

"आपण गाडीत जाऊन बसू," मी म्हणाले. "मी सांगते, माझं डोकं दुखतंय."

"काहून? तुझं डोकं दुखून राहिलं का?"

ती पदराला हात पुसत सतरंजीकडे गेली आणि उभ्या उभ्याच त्या माणसाला म्हणाली, "चला, बाग पाहू. ह्यांनी आपल्याले त्याच्यासाठीच आणलं ना?" तो गडबडीने उठला. बाबा पण उठायला लागले. "तू बस, दादा. तू आज लय फिरला."

ते दोघं आवळ्याच्या झाडांकडे गेले. तो लंगडत होता. मी त्यांच्यावरची नजर हटवली नाही. माणूस बरा वाटत होता, पण बरा दिसायलाच तर तो आला होता. उसना शर्ट घालून येणाऱ्यावर किती विश्वास ठेवायचा? शेवटच्या झाडाशी त्याने खाली वाकून बूट काढले आणि हातात घेतले. आत्या काहीतरी बोलली. तो हसला. ऐकू आलं नाही.

"तू सांगितलं तिले?" बाबांनी विचारलं.

"हो."

"मी तुले शब्द दिला होता. तो पाळला."

"हो," मी म्हणाले. कपातला चहा त्यांनी गवतावर ओतला.

परतताना कुरुद मागे पडल्यावर आत्या म्हणाली, "विचारायचं होतं, दादा."

"तू नाही म्हटलं असतं."

"म्हटलं असतं. तरी विचारायचं होतं." मग आईला म्हणाली, "वहिनी, येत्या रविवारी त्यांले घरी बोलावलं आहे. गाडी आपल्या गेटसमोरच लावतील. पोहे मी करीन."

"अवो, घरी?" आई मागे वळली. "समोरचे सगळे पाहतील ना. आणि नाही जमलं तर?"

"तर मी नाही म्हणीन. गेटवर उभी राहून म्हणीन."

अंधार पडायला लागला होता. मी तिच्या कानाशी विचारलं, "आवडले का तुला?"

"माहीत नाही बा. बागेत सगळेच चांगले दिसतात," ती म्हणाली. "तू पण रविवारी घरी थांब. नीट पाहून सांग मले."