वाढलेले मणी

मंगळसूत्र गाठवायला दिलं की बायका दुकानातून हलत नाहीत. गळ्यात तेवढ्यापुरती काळी पोत असते, पण नजर ओवणाऱ्याच्या बोटांवर. राधाबाईंकडे मात्र मी निव्वळ गप्पांसाठी बसते. दादरला शामरावांच्या सराफी दुकानात शिरलं की डाव्या हाताला त्यांचं बुटकं टेबल. नवऱ्याची मिल बंद पडली तेव्हा शिवण, पापड सगळं करून पाहिलं, कशातच जम बसेना. शेवटी मामेसासूकडून मणी ओवायला शिकल्या आणि या टेबलाशी बसल्या, त्याला सव्वीस वर्षं झाली. करी रोडहून रोज दहाच्या ठोक्याला हजर. बोटांत दोरा दिसतच नाही, मणी आपणहून रांगेत येऊन बसतात असं वाटतं. "वहिनी, तुमच्या मंगळसूत्राचे पदर दर वर्षी मोठे करायला लागतात. साहेबांचा पगार झिरपतोय कुठे ते कळतं," असं म्हणून हसवणार.

शामराव जाऊन दोन वर्षं झाली. आता मुलगा पुष्कर दुकान बघतो. त्याची बायको स्पृहा दिवाळीपासून जुन्या वह्या कॉम्प्युटरवर चढवते आहे.

त्या गुरुवारी दुपारी राधाबाईंनी माझे मणी लाल फडक्यावर मोकळे केले होते. माझ्यामागे शिवाजी पार्कच्या मेघनाताई सासूबाईंचं मंगळसूत्र घेऊन थांबल्या होत्या. एवढ्यात पुष्कर टेबलाशी आला आणि म्हणाला, "मावशी, तुमची पिशवी जरा दाखवा."

राधाबाईंना वाटलं, चेष्टा. त्या हसल्या. पुष्कर हसला नाही. त्याने पिशवी स्वतःच उचलली आणि काउंटरवर उलटी केली. जेवणाचा डबा, चष्म्याचं घर, बीपीच्या गोळ्या, घडी घातलेला रुमाल. डबासुद्धा उघडून पाहिला. दिवाळीपासून दुकानाचे शेहेचाळीस सोन्याचे मणी कमी भरत होते, आणि मण्यांच्या डबीला राधाबाईंशिवाय कुणाचा हात लागत नव्हता. संध्याकाळपर्यंत सांगितलं नाहीत तर पोलीस चौकीत जाईन, असंही तो म्हणाला. आवाज चढवला नव्हता, त्यामुळे ते जास्तच वाईट वाटलं.

मेघनाताईंनी हातातला मंगळसूत्राचा बटवा हळूच पर्समध्ये टाकला. "मी नंतर येते," म्हणाल्या आणि गेल्या. राधाबाई दाराकडे बघत राहिल्या.

आपण मणी घेतले नाहीत एवढंच त्या सांगत होत्या. वहीत सगळं लिहिलंय, वही बघा. स्पृहा वही घेऊनच आली.

"हे तुमचंच अक्षर ना मावशी? पाच फेब्रुवारी, दोन मणी वाढले. अकरा फेब्रुवारी, तीन मणी वाढले. चार मार्च, एक वाढला. असे दिवाळीपासून तेवीस मणी आहेत. मग हे वाढलेले मणी गेले कुठे?"

"वाढले म्हणजे वाढले. शामरावांना कळायचं."

"मला नाही कळत. नीट सांगा."

राधाबाईंनी तोंड उघडलं, समोरच्या लाल फडक्यावर नजर गेली आणि ओठ मिटले. पुष्कर म्हणाला, बोला ना. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"मी ते बोलायची नाही. वहिनींचं मंगळसूत्र पुढ्यात आहे."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी म्हटलं, "स्पृहा, फुटले गं. मंगळसूत्रातलं काही फुटलं-तुटलं तर तसं म्हणत नाहीत, वाढलं म्हणतात. बांगडी फुटली तरी वाढलीच म्हणायचं."

राधाबाईंनी झटकन माझ्या मण्यांवर तळवा झाकला. जणू माझे शब्द त्या मण्यांना लागतील.

स्पृहा वहीकडे बघत होती. "मी ते प्लसमध्ये टाकले," ती पुटपुटली. वजा करायचे तेवीस मणी तिने मिळवले होते, म्हणून फरक दुप्पट, शेहेचाळीस. पुष्करने वही उघडलीच नव्हती, तो स्क्रीनवरचा आकडा पाहून उठला होता. सुई अडली की एखादा पोकळ मणी जातो. त्याचे तुकडे राधाबाई दर शनिवारी कागदाच्या पुडीत घालून पुष्करच्याच हातात देत होत्या, आणि तोच ते आटणीला, वितळवायला पाठवत होता. त्याने खण ओढला. पावत्या होत्या.

"सॉरी मावशी. गैरसमज झाला. चहा सांगतो."

 राधाबाईंनी काउंटरवरच्या वस्तू एकेक करून पिशवीत भरल्या. मग बसून माझं मंगळसूत्र पुरं केलं. दोनदा सुई चुकली. ते माझ्या गळ्यात घातलं आणि सुई डबीत ठेवून डबी बंद केली.

"त्या मेघनाताईंचा पत्ता बिलबुकात आहे. त्यांना जाऊन सांग काय झालं ते."

"फोन करतो ना."

"पिशवी फोनवर उघडलीस काय?"

पुष्कर म्हणाला, दुकान गर्दीचं आहे, उद्या सकाळी नक्की जातो.

"बायका गळ्यातलं काढून माझ्या हातात देतात पुष्कर. ती बाई आज घरी सांगेल, उद्या चार जणींना सांगेल. मग मी इथे बसून ओवू काय? आत्ता जा."

त्याने स्पृहाकडे पाहिलं. तिने बिलबुक त्याच्या पुढ्यात सरकवलं. तो पत्ता मोबाईलवर टिपून निघाला. काचेचं दार त्याच्या मागे बराच वेळ हलत होतं.

मी निघायला हवं होतं, पण बसून राहिले. स्पृहा वहीचं पान पान उलटत होती, मध्येच वर बघायची. राधाबाई मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. तेवढ्यात एक तरुण मुलगी आली, पर्समधून मंगळसूत्र काढून त्यांच्यापुढे धरलं आणि संध्याकाळपर्यंत मिळेल का म्हणून विचारलं.

राधाबाईंनी हात पुढे केला नाही. "बसा," त्या म्हणाल्या. "मालक बाहेर गेलेत. ते आले की त्यांच्यासमोर घेईन."