प्रकाशचा कागद कपाटात होता

भूकंपाच्या ढिगाऱ्यातून उठलेल्या माझ्या लातूर-नांदेडच्या माणसांनो, आपलं तोंडचं बोलणं कुणीच खरं मानत नाही.

घर पडलं? कागद दाखवा.
माणूस गेलं? कागद दाखवा.
आणि कागद कुठं होता? त्याच घराखाली.

आज आमच्या प्रकाशला जाऊन वर्ष झालं.

आम्ही दोघं लातुरात ज्या कोचिंग क्लासमध्ये शिकवायचो, त्याच्या फ्लेक्सवर छापलं होतं, 'अल्पशा आजाराने दुःखद निधन'. माझा त्या फ्लेक्सवर तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही.

अल्पसा कसला? आजार जन्मापासूनचा होता. हिमोफिलिया. रक्त लवकर गोठत नाही. मार बसला की आतल्या आत वाहत राहतं, वेळेवर योग्य इंजेक्शन मिळालं तरच थांबतं.

हा आजार घेऊन तो भूकंपातून जिवंत निघाला होता. तेव्हा तो सातवीत होता.

नांदेडच्या डॉक्टरांनी दिलेली त्याची फाईल त्याच्या आईने दागिन्यांच्या पेटीत, कुलपात ठेवलेली. घरात तीन बहिणी लग्नाच्या. घराण्यात रक्ताचा आजार आहे हे बाहेर कळू द्यायचं नव्हतं.

घर पडलं. पेटी दगडांखाली गेली.

सकाळी छावणीत धनुर्वाताच्या इंजेक्शनची रांग लागली. आई हात जोडून म्हणाली, "साहेब, माझ्या लेकराला दंडात सुई देऊ नका वो. त्याचं रक्त थांबत न्हाई."
"कागद हाय का?"
"दगडाखाली हाय."
"बाई, समद्या गावाला सुई देऊन राहिलो. तुझ्याच पोराला काय सोनं लागलंय?"

सुई दिली. उजवा दंड भोपळ्यासारखा सुजला, कोपर आखडलं ते कायमचं.

लातुरात हजारो पोरांनी प्रकाश सरांना फळ्यावर डाव्या हाताने लिहिताना पाहिलं आहे. पोरांना ती स्टाईल वाटायची. खरं कारण आता सांगतोय.

त्या छावणीनंतर त्याचा कुणावरच भरवसा राहिला नाही. प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला आजाराचा डॉक्टरी कागद कायम शर्टाच्या खिशात. वर लाल शाईत दोन ओळी.

मी त्याच क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवतो. स्टाफरूममध्ये त्याला छेडायचो, "काय रे, प्रेमपत्र आहे का?"
तो म्हणायचा, "तू नुसती भाषणं ठोक. एकदा वाचून तर बघ."
मी जगभरची पुस्तकं वाचली. त्या दोन ओळी वाचल्या नाहीत.

मग ॲडमिशनचा सीझन आला. तासाला तो कागद खाली पडला, एका पोराने वाचला, घरी सांगितलं. पालकाचा फोन आला: सरांना काय आजार आहे? वर्षभर टिकतील ना?

संचालकांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. आवाज अगदी गोड. "सर, कागद माझ्या कपाटात सुरक्षित राहील. तुमच्या खोलीवरच्या प्रतीसुद्धा आणून द्या."

प्रकाश हसला. "आईनं पेटीत ठेवला होता सर. आता तुम्ही कपाटात ठेवणार."

आणि मी, व्यासपीठावरून सत्यासाठी मुठी आवळणारा मी, त्याला बाहेर नेऊन म्हणालो, "दे ना बाबा. सीझनपुरतं. कशाला वाद?"

त्याने दिला. माझ्या शब्दावर दिला.

महिनाभराने, भर दुपारी, जमिनीतून तो गुरगुरता आवाज आला. आपल्याला माहीत आहे तो आवाज. बाकं हलली. पोरं जिन्याकडे पळाली.

प्रकाश जिन्याच्या वळणावर उभा राहून ओरडत होता, "हळू! एकेक जण!" लोंढा आला. त्याचं डोकं कठड्यावर आपटलं. पोरं सगळी सुखरूप उतरली.

जखम बाहेरून दिसतही नव्हती. रिक्षात त्याने माझा हात धरला. "कागद आण."
हॉस्पिटलच्या दारात शुद्ध गेली.

मी क्लासकडे परत पळालो. इमारतीला शटर. वॉचमन म्हणाला, "सायबांची ऑर्डर हाय. आत कुणालाच सोडायचं न्हाई." कपाटाची किल्ली संचालकांच्या खिशात, आणि संचालक घरच्यांना बघायला गेलेले. फोन कुणाचाच लागेना. सगळं लातूर एकाच वेळी फोन करत होतं. नांदेडच्या डॉक्टरांचाही लागेना.

रिकाम्या हाताने हॉस्पिटलात परतलो. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "हिमोफिलिया कुठला? कुठलं इंजेक्शन चालतं?"
मी म्हणालो, "फॅक्टर आठ." तेवढाच शब्द माझ्या कानावरून गेलेला.

त्यांनी रक्त गोठवणारं ते फॅक्टर आठ मागवून दिलं. रक्त थांबलं नाही.

संध्याकाळी संचालक परतले तेव्हा कपाट उघडलं. लाल शाईत लिहिलं होतं:
'फॅक्टर आठ आता लागू पडत नाही.
दुसरं औषध द्या', आणि खाली त्या औषधाचं नाव.

मी कागद घेऊन पोहोचलो तेव्हा डॉक्टर खुर्चीत बसले होते. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि मला परत दिला.

आता संचालक सांगतात, "आम्ही सगळ्यांचे मेडिकल रेकॉर्ड ऑनलाइन केले."
मी विचारलं, "लाईट गेली तर? नेटवर्क गेलं तर? पासवर्ड कुणाकडे?"
"माझ्याकडेच. सेफ आहे."

सेफ! हा शब्द ऐकला की मला शटर दिसतं.

आजार लपवणाऱ्या आईला मी दोष देत नाही. तिला भीती लेकींच्या लग्नाची होती. आम्हाला भीती कशाची होती? बॅच फुटून पोरं दुसऱ्या क्लासला जाण्याची.

प्रकाश, तुझा कागद आता माझ्या खिशात असतो. दोन्ही ओळी पाठ आहेत. माफी मागायला तोंड नाही. जिन्यावर उभा होतास तसाच आठवशील.

आणि तुम्ही, जे हे वाचताय. घरात, वर्गात, होस्टेलवर रक्ताच्या आजाराचं कुणी असेल, तर 'जपून ठेवलाय' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आजच त्या माणसाचा कागद कुलपातून बाहेर काढा आणि त्याच्या खिशात घाला.