ट्रेंटपेक्षा मोठी गोळी

लवाका काउंटीत रानडुकरं मक्यात शिरली की लिबीमावशी कुचेरा एकाच माणसाला फोन करायची, आणि तो माणूस म्हणजे आल्विन हुर्टा. मावशी ऐंशी ओलांडलेली, एकटी. आल्विन पशुखाद्याच्या गिरणीतून निवृत्त झालेला. फोन आला की तो ताटावरून उठायचा, "माझ्याशिवाय आहे कोण तिला," असं बायकोला ऐकवायचा आणि दर गोळीमागे खटका मागेपुढे ओढावा लागणारी जुनी बंदूक घेऊन निघायचा. त्या बोलण्यात कुरकुर नावापुरती होती. खरं तर त्या फोनवर तो जगत होता.

या वर्षी कणसं भरत आली तरी फोन वाजला नाही. शेवटी रविवारी, चर्चच्या मांडवात सॉसेज खाता खाता मावशीच म्हणाली, "अरे आल्विन, आमच्या ट्रेंटने काय केलं ठाऊक आहे? एका संध्याकाळी चार लोळवली."

ट्रेंट म्हणजे मावशीचा भाचजावई. ह्यूस्टनहून येऊन गावात स्थायिक झालेला, तिशीतला, सगळ्यांशी अदबीने बोलणारा. आल्विनला त्याची अदबच जास्त खुपायची. उद्धट असता तर नावं ठेवायला सोपं गेलं असतं. त्याच्याकडे सेमी-ऑटोमॅटिक रायफल होती. चाप ओढला की गोळी सुटते आणि पुढची आपोआप नळीत चढते. आल्विन खटका मागेपुढे करेपर्यंत कळप झाडीत पसार व्हायचा.

"बरं झालं," आल्विन म्हणाला. सॉसेज मात्र त्याने अर्धं तसंच टाकलं.

सोमवारी तो डेल्फिनच्या दुकानात गेला. डेल्फिन त्याची शाळेतली वर्गमैत्रीण. बाप गेल्यापासून बंदुकांचं दुकान तीच चालवायची.

"सेमी-ऑटोमॅटिक हवी. ट्रेंटची कुठल्या कॅलिबरची आहे, केवढ्या गोळीची?"

"टू-टू-थ्री."

"मग मला त्याहून मोठी."

डेल्फिनने चष्मा वर सरकवला. "डुकरांसाठी हवीय की ट्रेंटसाठी?"

"तू दाखव तर."

तिने दोन काडतुसं काचेवर उभी केली. एक करंगळीएवढं, दुसरं चांगलं जाडजूड. "हे टू-टू-थ्री. झटका नावालाच. पहिली गोळी गेली तरी नेम जागचा हलत नाही, म्हणून दुसरं डुक्कर मिळतं. फक्त गोळी चांगली घ्यायची आणि ती कानामागे बसवायची. हे थ्री-ओ-एट. लांबूनही मोठा नर आडवा करील, पण बंदूक जड आणि लाथ घोड्याची. तुझा खांदा गेल्याच वर्षी उघडून शिवलाय, आल्विन. मधलंही एक आहे, सहा पॉइंट पाच..."

"मधलं नको."

"अरे, कळपावर भराभर गोळ्या झाडायच्या म्हणून ही बंदूक घ्यायची, आणि लाथ अशी घ्यायची की दुसरी गोळी आभाळात जाईल?"

"ट्रेंटकडे थ्री-ओ-एट नाही ना?"

"नाही बाबा."

"मग तीच बांध."

आठवडाभराने फोन वाजला. आल्विन पोचला तेव्हा गवताच्या गठ्ठ्यांमागे ट्रेंट आधीच बसला होता. दोघांना बोलावलं होतं तर. आल्विनने नवी रायफल अशी ठेवली की ट्रेंटला ती दिसावी.

"थ्री-ओ-एट? झकास आहे, मिस्टर हुर्टा," ट्रेंट कुजबुजला. "पहिला मान तुमचा. तुमचं झालं की मी."

ऊन कलताना कळप उतरला. पुढे एक दांडगा नर. आल्विनने चाप ओढला आणि तो नर जागीच कोसळला. क्षणभर आल्विनला आभाळ ठेंगणं झालं. पण झटक्याने नळी वर उडाली होती आणि खांद्यात सुरी फिरल्यासारखं झालं होतं. दुसरी गोळी कणसांवरून गेली, तिसरी चिखलात. चौथीसाठी हात उचलवेना. शेजारी ट्रेंट नुसता नेम धरून बसला होता, वडीलधाऱ्याचं आटोपायची वाट बघत. तेवढ्यात सगळा कळप ओढ्यापार झाला.

मावशी गाडीतून उतरली. "एवढे आवाज झाले, आणि एकच?"

"वारा फिरला, मावशी," ट्रेंट पटकन म्हणाला. "वास लागला त्यांना."

हा चांगुलपणाही आल्विनला डाचला. हेसुद्धा ह्यानेच करावं?

"वारा कसला डोंबलाचा," तो म्हणाला. "खांद्याने दगा दिला. देणार हे मला दुकानातच कळलं होतं. हा माझ्यासाठी थांबला म्हणून बाकीची निसटली. उद्यापासून ह्यालाच फोन कर."

"बरं, करते," मावशी म्हणाली.

ती इतक्या सहज हो म्हणेल असं त्याला वाटलं नव्हतं. एकदा तरी नको म्हणायला हवं होतं तिने. तो रायफल तिच्या पिशवीत घालायला लागला, पण चेन काही केल्या लागेना.

"मिस्टर हुर्टा," ट्रेंट म्हणाला, "डुकरं कुठून उतरतात ते मला अजून कळत नाही. मागच्या वेळी नशीब होतं. तुम्ही आलात तर..."

"बघू," आल्विन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच तो दारात उभा होता. डेल्फिनने थ्री-ओ-एट परत घेतली आणि हलकी टू-टू-थ्री काढून काचेवर ठेवली. आल्विनने ती डाव्या हाताने तोलून पाहिली.

"ही चालेल," तो म्हणाला. "पण दुर्बीण ट्रेंटच्यापेक्षा चांगली लाव."